माहेर किती तासांवर?

गौरी-गणपतीला गावी जायचं की नाही, यावर घरात खल चाललेला असतो. सुनेला पाचवा लागलाय. सासूबाई म्हणतात, दोन जीवांची बाई, एवढ्या घाटवळणांतून कशाला न्यायची? सासरे म्हणतात, आता महामार्ग बराच झालाय, पूर्वीसारखं राहिलं नाही. नवरा म्हणतो, डॉक्टरांना विचारू. डॉक्टर पुढच्या पेशंटची फाइल उघडता उघडता सांगतात, ‘जा, पण जपून.’ हे ‘जपून’ म्हणजे नेमकं काय, ते मात्र राहूनच जातं. मग ज्याला जे सुचेल ते तो सांगतो. मागच्या सीटवर सरळ आडवी हो. पोटावर पट्टा येतो, तो लावूच नकोस. पाणी कमी पी, म्हणजे वाटेत सारखं उतरायला लागणार नाही. तिन्ही सल्ले मायेपोटी दिलेले असतात आणि तिन्ही चुकीचे असतात.

खरं तर गरोदर बाईनं घराबाहेर पडावं, चार जागा पाहाव्यात, हे आपल्याकडे नवं नाही. बागेतलं, चांदण्यातलं, नावेतलं डोहाळजेवण ही हौस जुनीच आहे. कालिदासाच्या ‘रघुवंशा’त गरोदर सीतेला गंगाकाठची तपोवनं पुन्हा पाहावीशी वाटतात. हाच डोहाळा पुढे तिला वनात सोडण्याचं निमित्त ठरतो. तिच्या इच्छेत काही वावगं नव्हतं. परतीची सोय न ठेवता तिला नेलं गेलं, घात तिथे झाला. गरोदरपणातल्या प्रवासाचं सगळं शास्त्र जवळजवळ या एका गोष्टीत येतं. निघण्यापूर्वी विचारायचा प्रश्न रस्त्यात खड्डे किती हा नाही. वाटेत आणि मुक्कामी काही झालं, तर मदत किती वेळावर आहे, हा आहे.

धक्क्यांनी खरंच काही होतं का?

सगळ्यात मोठी भीती धक्क्यांची. पहिल्या तीन महिन्यांत प्रवास केला आणि गर्भ राहिला नाही, अशी एखादी तरी हकिगत प्रत्येक घरात असते. पण सुरुवातीच्या तीन महिन्यांत गर्भपिशवी ओटीपोटाच्या हाडांच्या आत असते. तिची भिंत जाड स्नायूंची, आत पाणी आणि त्या पाण्यात तरंगणारा गर्भ. खड्ड्यातल्या गचक्यानं तो निसटून येत नाही. दिवस राहिल्याचं कळल्यानंतरही साधारण शंभरांतल्या दहा ते वीस जणींचा गर्भ टिकत नाही. सुरुवातीच्या अशा गर्भपातांपैकी निम्म्याहून अधिक वेळा गर्भाच्या गुणसूत्रांतच दोष असतो आणि तो बीज जुळतानाच ठरून गेलेला असतो. बाई घरात पडून राहिली असती तरी ते टळलं नसतं. पण आदल्या आठवड्यात ती कुणाच्या लग्नाला जाऊन आलेली असते, आणि दोष त्या लग्नावर, म्हणजे शेवटी तिच्यावरच येतो. हे ओझं तिच्या माथ्यावरून उतरवणं हेही माहितीचं एक काम आहे.

तरी पहिल्या तिमाहीत जरा थांबलेलं बरं, पण त्याची कारणं निराळी आहेत. एक म्हणजे मळमळ, उलट्या आणि न संपणारा थकवा. दुसरं अधिक महत्त्वाचं. गर्भ पिशवीतच रुजलाय, नलिकेत नाही, हे सहा ते आठ आठवड्यांच्या सोनोग्राफीत कळतं. नलिकेतला गर्भ फुटला तर पोटात रक्तस्राव होतो आणि तातडीनं शस्त्रक्रिया लागते. हे व्हायचं असेल तर तालुक्याच्या गावी व्हावं, आडवाटेच्या रिसॉर्टवर नको. म्हणून ती पहिली सोनोग्राफी झाल्याशिवाय लांब जाऊ नये.

चाळीस आठवड्यांचं कॅलेंडर

गरोदरपण चाळीस आठवड्यांचं धरतात. त्यातले साधारण १४ ते २८ आठवडे, म्हणजे चौथ्याच्या सुरुवातीपासून सातव्याच्या मध्यापर्यंत, प्रवासाला सगळ्यात बरे. मळमळ ओसरलेली असते, पोट अजून हिंडण्याफिरण्याच्या आड येत नाही आणि अकाली कळांची भीतीही कमी असते. सहल आखताना तपासण्यांच्या तारखा मात्र आधी लिहून घ्याव्यात: ११ ते १३ आठवड्यांची सोनोग्राफी, १८ ते २० आठवड्यांच्या सुमाराची बाळाच्या अवयवांची सोनोग्राफी, २४ ते २८ आठवड्यांतली साखरेची तपासणी. विमानाचं तिकीट पुढे ढकलता येतं, या तपासण्यांची वेळ नाही.

आठव्या महिन्याचं एक वेगळं कोडं आहे. ‘सातव्यात ने नाहीतर नवव्यात ने, आठव्यात हलवू नको,’ असं अनेक घरांत सांगतात. सातव्या महिन्यात झालेलं मूल जगतं, आठव्यातलं जगत नाही, ही समजूत त्यामागे आहे. आयुर्वेदाच्या जुन्या संहितांत आठव्या महिन्यात ओज आई आणि गर्भ यांच्यात अस्थिर असतं असं मानलंय. गंमत म्हणजे आठ महिन्यांच्या गर्भाविषयी हीच धास्ती प्राचीन ग्रीसमध्येही होती आणि हिप्पोक्रेटिसच्या नावावरच्या ग्रंथांत तिच्यावर एक स्वतंत्र प्रकरणच आहे. आजचं वैद्यक याच्या अगदी उलट सांगतं. बाळ पोटात जितकं जास्त राहील तितकी त्याची फुप्फुसं पिकतात. आठव्यातलं बाळ सातव्यातल्यापेक्षा तगण्याची शक्यता नक्कीच जास्त. तरीही आठव्यात लांबचा प्रवास टाळावा हा सल्ला चुकून बरोबर निघतो, कारण त्या सुमारास अकाली कळा सुरू झाल्या तर नवजात बालकांचा अतिदक्षता विभाग जवळ असावा लागतो.

काही जणींनी मात्र कोणत्याही महिन्यात डॉक्टरांच्या स्पष्ट परवानगीशिवाय गाव सोडू नये. वार गर्भपिशवीच्या तोंडाशी असेल, रक्तदाब वाढलेला असेल, गर्भपिशवीच्या तोंडाला टाका घातला असेल, आधीचं बाळंतपण अकाली झालं असेल, अंगावरून रक्त जात असेल किंवा रक्त फारच कमी असेल, तर ‘इतक्या जणी जातातच की’ हा युक्तिवाद कामाचा नाही.

पट्टा पोटाखालून

आता सुरुवातीचे तीन सल्ले. पहिले दोन गाडीतले. पट्टा न लावता मागच्या सीटवर आडवं पडलेली बाई अचानक ब्रेक लागला की पुढच्या सीटवर जाऊन आदळते. पट्टा लावायलाच हवा, फक्त नीट लावायला हवा. कमरेची पट्टी पोटाच्या खाली, मांड्यांच्या वर, दोन्ही बाजूंच्या हाडांवर घट्ट बसली पाहिजे. तिरकी पट्टी दोन स्तनांच्या मधून येऊन पोटाच्या कडेनं खाली गेली पाहिजे. पोटाच्या मधोमध एकही पट्टी नको. स्वतः गाडी चालवत असेल तर पोट आणि स्टिअरिंग यांत निदान वीतभर अंतर ठेवावं. पुढे बसली असेल तर सीट जमेल तितकी मागे घ्यावी. एअरबॅग बंद करू नये.

यामागचं कारण समजलं की पट्टा विसरला जात नाही. गर्भपिशवी लवचिक असते, पण तिच्या भिंतीला चिकटलेली वार तशी नसते. जोराचा आघात झाला की पिशवी ताणली जाते आणि वार तिच्यापासून सुटू शकते. बाळाचा प्राणवायू त्या वारेतूनच येतो. म्हणून अपघात किरकोळ असला, अंगावर ओरखडाही नसला, तरी पोटाला मार बसल्याची शंका असेल तर दवाखान्यात जाऊन बाळाचे ठोके पाहून घ्यावेत. आईचा रक्तगट निगेटिव्ह असेल तर एक विशेष इंजेक्शनही लागू शकतं.

दुचाकीचा धोका गचक्यांत नसून पडण्यात आहे. पोट वाढलं की शरीराचा तोल पुढे सरकतो, आणि साडी सावरत एका बाजूला पाय सोडून बसलेल्या बाईला धरायला काही नसतं. पहिले काही महिने गावातल्या गावात, हेल्मेट घालून, दोन्हीकडे पाय टाकून ठीक. पुढे रिक्षा बरी.

पाणी प्यायचं की नाही?

तिसरा सल्ला सगळ्यात साधा वाटतो आणि तोच सगळ्यात जास्त त्रास देतो. आपल्याकडे प्रवासाला निघालेली बाई आदल्या रात्रीपासून पाणी कमी करते, कारण वाटेतली स्वच्छतागृहं कशी असतात ते तिला ठाऊक असतं. स्टँडवरच्या त्या ओल्या, दिवा नसलेल्या खोलीत सहाव्या महिन्याचं पोट घेऊन उकिडवं बसण्यापेक्षा लघवी धरून ठेवणं तिला सोपं वाटतं. गरोदरपणात मूत्रमार्ग सैलावतात, लघवी साचून राहते आणि जंतुसंसर्ग सहज होतो. तो मूत्रपिंडापर्यंत चढला तर ताप येतो, अकाली कळाही सुरू होऊ शकतात. नुसतं पाणी कमी पडलं तरी पोट आवळून येतं.

शिवाय पाणी कमी झालं की रक्त दाट होतं. बाळंतपणात रक्तस्राव आवरावा म्हणून शरीरानं आधीच रक्ताची गोठण्याची क्षमता वाढवलेली असते. वाढलेली पिशवी पायांकडून वर जाणाऱ्या शिरांवर दाब देते. त्यात चार-पाच तास पाय लोंबकळत एका जागी बसणं आलं. गरोदर बाईच्या पायातल्या खोल शिरेत गुठळी होण्याचा धोका एरवीपेक्षा चार-पाच पटींनी जास्त असतो आणि शिरांच्या रचनेमुळे तो डाव्या पायात अधिक दिसतो. ही गुठळी सुटून फुप्फुसात गेली तर जिवावर बेतते. एकाच पायाला सूज, पोटरीत दुखणं किंवा अचानक धाप लागणं ही तिची खूण.

उपाय अगदी घरगुती आहे. दर दोन तासांनी गाडी थांबवायची, पाच मिनिटं चालायचं, बसल्या जागी घोटे फिरवायचे, पाणी घोट घोट पीत राहायचं. थांबायची ठिकाणं आधीच ठरवायची आणि ड्रायव्हरला तसं सांगून ठेवायचं. गणपतीच्या प्रवासात आणखी एक मेख असते. बरेच जण हरतालिकेच्या आसपास निघतात आणि त्या दिवशी निर्जळी उपवास असतो. गरोदर बाईनं तो सोडावा. घरातल्या मोठ्या बाईनंच तसं सांगितलं तर तिच्या मनाला रुखरुखही लागत नाही.

रेल्वे आणि विमान

लांबच्या वाटेला रेल्वे सगळ्यात सोयीची. उठता येतं, चालता येतं, स्वच्छतागृह डब्यातच असतं. ज्येष्ठ नागरिक आणि ४५ वर्षांवरच्या स्त्रियांसोबत गरोदर स्त्रियांसाठीही खालच्या बर्थचा राखीव कोटा असतो. तिकीट काढताना त्याची चौकशी करावी, डॉक्टरांचं प्रमाणपत्र जवळ ठेवावं. मुंबईच्या लोकलमध्ये दिव्यांगांसाठी राखीव डब्यात गरोदर स्त्रियांना बसता येतं. हे ठाऊक नसल्यामुळे कितीतरी जणी नवव्यापर्यंत लेडीज डब्याच्या दारात रेटारेटी सोसतात.

विमानाची भीती मात्र थोडी जास्तच घेतली जाते. उडणाऱ्या विमानात हवेचा दाब साधारण १,८०० ते २,४०० मीटर उंचीवर असतो तितका ठेवतात. महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर कळसूबाई १,६४६ मीटरचं. म्हणजे विमानात बसलेली बाई कळसूबाईच्या माथ्यापेक्षाही विरळ हवेत असते. तरी बाळाला त्याचं काही वाटत नाही, कारण गर्भाचं हिमोग्लोबिन वेगळं असतं. ते मोठ्यांच्या हिमोग्लोबिनपेक्षा प्राणवायूला अधिक घट्ट धरतं. सुरक्षा तपासणीच्या चौकटीतून जाण्यानंही बाळाला काही होत नाही. अडचण आकाशात कळा सुरू झाल्या तर काय, ही आहे. म्हणून बहुतेक कंपन्या २८ ते ३२ आठवड्यांनंतर डॉक्टरांचं प्रमाणपत्र मागतात आणि साधारण ३६ आठवड्यांनंतर घेतच नाहीत; जुळी असतील तर ही मर्यादा आधीच लागते. नियम कंपनीगणिक बदलतात. जाताना ३१ वा आठवडा असतो आणि परतताना ३४ वा लागलेला असतो, हे तिकीट काढतानाच मोजावं. परदेशी जायचं असेल तर प्रवास विम्यात गरोदरपणाच्या तक्रारी आणि अकाली जन्मलेलं बाळ धरलंय का, ते वाचून घ्यावं. अनेक पॉलिसींत ते वगळलेलं असतं.

कुठे जावं?

महाबळेश्वर सुमारे १,३५० मीटरवर आहे, तिथल्या हवेची काळजी नको. घाटात उलट्या होतील तेवढ्यांची तयारी ठेवावी. लेह ३,५०० मीटरवर. तिथे विमानातून थेट उतरून दोन दिवस डोकं धरून बसण्याची ही वेळ नाही. मालवण-तारकर्लीला समुद्र डोळे भरून पाहावा, पण स्कूबा करू नये. पाण्याखालून वर येताना रक्तात वायूचे बुडबुडे होतात. मोठ्यांच्या शरीरात ते फुप्फुसांत गाळले जातात, गर्भाचं रक्त मात्र फुप्फुसांना वळसा घालून जातं. वज्रेश्वरी-गणेशपुरीच्या गरम कुंडांत पाय सोडून बसायला हरकत नाही, गळ्यापर्यंत उतरू नये. सुरुवातीच्या आठवड्यांत आईच्या शरीराचं तापमान फार वाढलं तर बाळाच्या मेंदू-मणक्याच्या घडणीत दोष राहण्याचा धोका असतो. माथेरानला घोड्यावर बसू नये, आणि गाड्या वर जात नसल्यानं दस्तुरी नाक्यापासून पुढे किती चालावं लागेल ते आधी पाहावं.

खाण्यापिण्यात घाबरायचं असेल तर पपईपेक्षा पाण्याला घाबरावं. दूषित पाण्यातून येणारी ‘ई’ प्रकारची कावीळ एरवी बरी होते, पण शेवटच्या तिमाहीत ती झाली तर दर चार-पाच जणींत एकीचा जीव जाऊ शकतो. पावसाळ्यात जत्रेतली पाणीपुरी, बर्फ घातलेला उसाचा रस, बाहेरची कापलेली काकडी हे यंदा राहू द्यावं. उकळलेलं पाणी घरून न्यावं.

डासांचंही तसंच. महाराष्ट्रात झिकाचा पहिला रुग्ण जुलै २०२१ मध्ये पुरंदर तालुक्यातल्या बेलसरला सापडला, आणि २०२४ च्या पावसाळ्यात पुणे शहरात सापडलेल्या रुग्णांत गरोदर स्त्रियाही होत्या. या विषाणूनं बाळाच्या मेंदूची वाढ खुंटू शकते. तो पसरवणारा डास दिवसा चावतो, त्यामुळे रात्रीची मच्छरदाणी पुरत नाही. पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत आणि अंगाला डास पळवणारं मलम लावावं. झिका शरीरसंबंधातूनही पसरतो, म्हणून नवरा साथीच्या भागातून आला असेल तर त्यानंही काळजी घ्यायला हवी.

नातेवाइकांच्या घरी धोका येतो तो लेकरांच्या पावलांनी. कांजण्यांचा फोड दिसायच्या एक-दोन दिवस आधीपासूनच मूल संसर्ग पसरवतं. लहानपणी कांजण्या झालेल्या नसतील तर गरोदरपणात त्या जड जातात. ज्या घरात ताप-पुरळ चालू आहे तिथे जाणं आठवडाभर लांबवलं, तर कुणी राग धरू नये.

माहेरची वाट

या सगळ्या जाण्यायेण्यांत एक प्रवास ठरलेलाच असतो, पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी जाण्याचा. सातव्यात डोहाळजेवण झालं की लेक माहेरी, असा रिवाज. योगायोग असा, की २०१७ च्या दुरुस्तीनंतर २६ आठवड्यांची झालेली प्रसूती रजा तारखेच्या आठ आठवडे आधीपासून घेता येते. म्हणजे ३२ वा आठवडा. विमान कंपन्यांचा कागद मागण्याचा सुमारही साधारण तोच. रूढी, कायदा आणि विमानतळावरचा काउंटर असे तिघेही एकाच आठवड्याच्या आसपास येऊन थांबतात.

पण नुसती लेक पोचून उपयोग नाही, तिचे कागदही पोचले पाहिजेत. माहेरच्या दवाखान्यात एकदा आधीच जाऊन नाव नोंदवावं. शेवटच्या आठवड्यांत अनोळखी डॉक्टरपुढे मोकळ्या हातानं उभं राहणं बरं नाही. सोनोग्राफीचे रिपोर्ट, रक्तगट, चालू गोळ्या आणि माता-बाल संरक्षण कार्ड एका पिशवीत, आणि ती पिशवी डिकीत नाही, तिच्या हाताशी. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी आरोग्य केंद्रांत गरोदर स्त्रियांची मोफत तपासणी होते, ती गावाकडेही करून घेता येते. १०२ आणि १०८ हे रुग्णवाहिकेचे क्रमांक घरातल्या सगळ्यांच्या फोनमध्ये हवेत. अंगावरून रक्त किंवा पाणी जाणं, पोटात ठरावीक अंतरानं कळा येणं, डोकं फार दुखून डोळ्यांपुढे अंधारी येणं, बाळाची हालचाल मंदावणं, यातलं काहीही झालं तर घरी पोचून बघू म्हणू नये. वाटेत लागेल त्या पहिल्या मोठ्या दवाखान्यात जावं.

परदेशी असलेल्या लेकीच्या बाबतीत ही वाट उलटी झाली आहे. आता माहेरच विमानात बसून तिच्याकडे जातं. आईच्या बॅगेत डिंक-अळिवाचे लाडू असतात. त्या लाडवांत खसखस असेल आणि वाट दुबईवरून असेल, तर ती काढून ठेवावी. संयुक्त अरब अमिरातीत खसखशीवर बंदी आहे, आणि पहिल्या नातवाच्या स्वागताला निघालेली आजी विमानतळावर अडकायला नको.

आणि काही ठिकाणी ही वाट विमानापेक्षाही लांब असते. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की गडचिरोलीतल्या भामरागडचा बाकी जगाशी संपर्क तुटतो. कळा सुरू झाल्यावर निघायचं म्हटलं तर नदी वाट देत नाही. म्हणून गडचिरोली, नंदुरबार, मेळघाट अशा दुर्गम आदिवासी भागांत प्राथमिक आरोग्य केंद्राच्या आवारात बाळंतपणाच्या काही दिवस आधी बाईनं येऊन राहावं यासाठी खोल्या केल्या आहेत. सोबतीला घरचं एक माणूस आणि लहान मूल असेल तर तेही राहू शकतं, जेवणाची सोय तिथेच. या योजनेला नाव देताना कुणीतरी फार शहाणपणा दाखवला. नाव आहे ‘माहेरघर’. भिंतीपलीकडे नर्स आहे, दाराशी रुग्णवाहिका आहे आणि मधे नदी नाही. सासूबाईंना, सासऱ्यांना आणि त्या घाईतल्या डॉक्टरांनाही ‘जपून’ म्हणताना बहुधा एवढंच म्हणायचं असतं.